बंद पाइप की तळं? नाल्याचा निर्णय ग्रामसभेत नेण्याच्या नोंदी

पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. वस्ती ६,२०० च्या आसपास. गावठाणातलं सगळं सांडपाणी एका नाल्यातून नदीला जातं. हा नाला कसा स्वच्छ करायचा, बंद पाइप टाकून की पाणी तळ्यात थांबवून निवळवून, ते ग्रामसभेत ठरावं, आणि हात वर करणाऱ्याला आपण कशाला हात वर करतोय ते माहीत असावं, एवढ्यासाठी आम्ही हे काम हातात घेतलं. आम्ही म्हणजे बचत गटाच्या बायका, तालमीची पोरं, शाळेचे विज्ञानाचे सर आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता. दुसऱ्या गावात कुणी हेच करायला निघालं तर आमचा वेळ जिथं गेला तिथं त्यांचा जाऊ नये म्हणून या नोंदी ठेवल्या. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

११ जून २०२३

नाल्यावर बंद पाइप टाकायचा, असं गावात बोललं जातंय. पैसे पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. या आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित असतो, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पैसा आहे आणि तो याच कामाला आहे. पण पाइप कुठून कुठं जाणार, त्याचं तोंड नदीवर कुठं उघडणार आणि पाणी मधे कुठं शुद्ध होणार का, हे गावात कुणालाच सांगता येईना.

लोकांना पाइप हवा आहे, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. ज्याच्या दारातून उघडं गटार वाहतं त्याला वास आणि डास आधी दिसतात. आम्ही पाइपच्या विरोधात उभं राहायचं नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. कागद मागायचा, तो सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि मगच मत मागायचं.

तोंडी विचारून अंदाजपत्रक मिळालं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज केला. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या: अंदाजपत्रक, नकाशा आणि तांत्रिक मंजुरीची प्रत. "नाल्यासंबंधी सर्व माहिती" असं लिहिलं की उत्तर लांबतं किंवा भलताच कागद हातात येतो. कागदाचं नेमकं नाव लिहावं.

१८ जून

शाळेच्या हॉलमध्ये सकाळी ११ वाजता माहितीसत्र ठेवलं. प्रोजेक्टर, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप), विरघळलेला ऑक्सिजन, नदीपात्राचे नकाशे, सगळं होतं. समोर बसलेले बहुतेक आमचेच. बायका भांगलणीला गेलेल्या, पुरुष पेरणीच्या तयारीत. वेळ चुकली हे एक, पण खरा दोष मांडणीत होता. आम्ही नदीपासून सुरुवात केली होती आणि लोक घरात राहतात.

शेवटी एक मावशी उठून म्हणाल्या, "नदीचं मला काय सांगतासा, आमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातंय तेवढं दावा." पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं. ती स्लाइडची फाइल पुन्हा उघडली नाही.

२ जुलै

गल्लीफेरी. एका न्हाणीपासून निघायचं, गटाराच्या कडेनं चालत नाल्याला, आणि नाल्याच्या कडेनं नदीला. खडूनं रस्त्यावर बाण काढत गेलो. पोरं पुढं, बायका मागं, म्हातारी माणसं दारात उभी राहून चुका दुरुस्त करत होती: "तिकडं नाही जात ते, आमच्या भिंतीखालनं वळतंय."

आधी फ्लेक्सवर छापलेला नकाशा नेला होता. त्याला कुणी हात लावेना. छापील वस्तू म्हणजे झालेलं काम, त्यावर आपण काय लिहिणार, असा भाव. मग चावडीसमोर रांगोळीनं गाव काढलं. लगेच तिघी-चौघी खाली बसल्या आणि गल्ल्या पुसून नीट काढू लागल्या. फ्लेक्सचे पैसे गेले, रांगोळी बचत गटातल्या घरांतूनच आली.

अडचण एका ठिकाणी आली. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो गटारात सोडलेली घरं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण चारचौघांत कोण सांगणार? रांगोळीच्या नकाशावर त्या खुणा कोऱ्याच राहिल्या. त्यावर उपाय गावातल्या आशा सेविकेनं सुचवला: प्रत्येक घरी एक चिठ्ठी, त्यावर फक्त गल्लीचं नाव, आणि "टँकचं जादाचं पाणी कुठं जातं?" या प्रश्नापुढं तीन चौकोन, गटार, शोषखड्डा, माहीत नाही. चिठ्ठी घडी घालून डब्यात. घराचा नंबर नाही, सही नाही. गल्लीवार आकडा कळला की पुरे, घर शोधायचं कारण नाही. चिठ्ठ्या भरभरून आल्या, आणि खालच्या दोन गल्ल्यांचं चित्र आमच्या अंदाजापेक्षा वाईट निघालं. नाल्यात नुसतं न्हाणी-मोरीचं पाणी नाही, हे इथं पक्कं झालं. उपाय कोणता निवडायचा हे यावरच अवलंबून असतं. तेव्हा ही पायरी गाळू नका.

२३ जुलै

नदी चढली आणि फुगवटा नाल्यात आला. पाणी उलटं वाहतंय, मोजमाप बंद. पावसाळ्यात प्रवाह मोजायला सुरुवात करू नये. आमचा जवळजवळ महिना यात गेला.

पण फुगवट्यानं एक काम करून दिलं. तालमीच्या पोरांनी निळ्या आणि लाल रंगाचे डबे घेतले आणि घरोघरी विचारत २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा भिंतींवर ओढल्या. याला कुणाला शिकवावं लागलं नाही. कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं, कुठल्या कोनाड्यातला देव उचलावा लागला, हे प्रत्येक घराला पाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हेही लहान पोराला ठाऊक आहे.

या रेषा जोडल्यावर दिसलं की घाटाजवळची मोकळी जागा दोन्ही पुरांत बुडाली होती, आणि सांडपाण्याची काही सोय करायची झाली तर सगळ्यांच्या तोंडी तीच जागा होती. ती चर्चा तिथंच थांबली. इंजिनिअर साहेबांनी समतल यंत्र लावून पडताळलं तेव्हा लोकांनी दाखवलेल्या खुणा एकमेकींशी बरोबर जुळल्या. लोकांना शिकवायला निघालेल्यानं आधी त्यांना काय येतं ते विचारावं, असं मला या दिवसापासून ठामपणे वाटतं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब.

बऱ्याच जणांना याचा अर्थ माहीत नसतो, म्हणून लिहितो. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. आमच्यासारख्या गावात म्हणजे १००. तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग थोडक्या लोकांत विषय मंजूर होऊ शकतो. "आम्ही गेलो नाही म्हणून सभा झाली नाही" हा समज खरा नाही. न जाणाऱ्याचा निर्णय दुसरे घेतात, आणि ते कायद्यात बसतं.

दुसरी गोष्ट, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे यावेळी वहीवर सह्या झाल्या, सभा झाली नाही. बचत गटातल्या बायकांनी हे मनावर घेतलं.

२७ ऑगस्ट

पाऊस उघडला, नाला मूळ पातळीला आला. प्रवाह मोजला. पद्धत साधी आहे. नाल्याचा सरळ १० मीटरचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना दोरी बांधा, वरच्या दोरीजवळ लिंबू सोडा, खालच्या दोरीला किती सेकंदांत पोचतं ते मोजा. पाण्याची रुंदी आणि सरासरी खोली मोजा. वरचं पाणी तळापेक्षा वेगानं वाहतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह.

आधी थर्माकोलचे तुकडे वापरले. ते वाऱ्यानं सरकतात आणि कडेला अडकतात. लिंबू अर्धं बुडून चालतं, वारा लागत नाही.

सकाळी सातला रुंदी ६० सेंटिमीटर, खोली १०, आणि १० मीटरला ५० सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण १० लिटर. दुपारी एकला खोली ४ आणि ८० सेकंद, म्हणजे अडीच लिटर. पोरांनी पाळ्या लावून दिवस-रात्र दर तासाला मोजलं. बेरीज आली रोजची सुमारे २ लाख ७० हजार लिटर.

आता पडताळा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. ६,२०० गुणिले ५५ गुणिले ०.८, म्हणजे २ लाख ७२ हजार ८०० लिटर. आकडे जुळले तेव्हा पोरांचा आनंद बघण्यासारखा होता, आणि पुढं कुणी "हे कुठनं आणलं?" विचारलं की उत्तर द्यायला तीच पुढं होत.

एक गोष्ट मोजल्यामुळेच सापडली. रात्री दोन वाजताही नाला वाहत होता. त्या वेळी गावात कोण अंघोळ करतं? बॅटऱ्या घेऊन वर चालत गेल्यावर बिनचावीचे सार्वजनिक नळ आणि एक गळकी व्हॉल्व्ह चेंबर मिळाली. नळांना चाव्या बसवायला ग्रामसभा लागली नाही, पंचायतीनं आठवड्यात बसवून दिल्या. काही हजारांचा खर्च आणि रात्रीचा प्रवाह निम्म्यावर. मोठा निर्णय होईपर्यंत असा एखादा छोटा निकाल लोकांच्या हातात पडला पाहिजे, नाहीतर माणसं गळतात.

३ सप्टेंबर

पाण्याची तपासणी. जलजीवनमधून गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच आणि प्रशिक्षण मिळालेलं आहे. त्या संच घेऊन नाल्यावर आल्या. पण हा संच पिण्याच्या पाण्यासाठी आहे, सांडपाण्याचा बीओडी त्यातून कळत नाही. नाल्याच्या पाण्यात जंतू आहेत हे सांगायला काळ्या पडणाऱ्या बाटलीची गरज नव्हती. संचातलं साहित्य खर्ची पडलं आणि विहिरींसाठी कमी उरलं. तो संच विहिरी आणि नळांसाठीच ठेवा.

बीओडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. शनिवारी दुपारी काढला, रविवारी प्रयोगशाळा बंद, बर्फ वितळला. प्रयोगशाळेनं नमुना घेतला, पण निकालावर विसंबता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते आणि बाटलीतले जंतू वाटेतही काम करतच असतात. म्हणून नमुना सोमवार ते बुधवारच्या सकाळी काढावा, बर्फाच्या पेटीत ठेवावा आणि त्याच दिवशी पोचवावा. एका नमुन्याची फी वाया गेली.

१२ सप्टेंबर

दुसऱ्या नमुन्याचा निकाल आला. नाल्याच्या पाण्याचा बीओडी लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वर. प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडताना तो ३० च्या आत असावा लागतो, अंघोळीच्या पाण्यात ३ च्या आत.

हा कागद चावडीवर लावला. लोक थांबले, वाचलं आणि पुढं गेले. मिलिग्रॅमचं माप रोजच्या जगण्यात कुठंच येत नाही.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

सरांनी सुचवलेला प्रयोग तालमीच्या मंडपात मांडला. काचेच्या तीन बाटल्या: नाल्याचं पाणी, नदीचं पाणी आणि बोअरचं पाणी. तिन्हींत मिथिलीन ब्लूच्या सौम्य द्रावणाचे सारखेच थेंब. पाण्यातला ऑक्सिजन जंतूंनी संपवला की या रंगाचा निळेपणा जातो. ज्या पाण्यात घाण जास्त, तिथं रंग आधी उडतो.

करणाऱ्यांसाठी: बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बूच घट्ट लावा आणि उन्हात ठेवू नका. पहिल्या दिवशी बाटल्या अर्ध्या भरल्या होत्या, कुणीतरी हलवल्या आणि उडालेला रंग परत आला. सगळा गोंधळ. दुसऱ्या दिवशी बाटल्या नीट भरून चिकटपट्टी लावली. रंग हाताला आणि कपड्याला लागला की निघत नाही, लहान मुलांपासून लांब ठेवा.

नाल्याची बाटली संध्याकाळच्या आरतीपासून सकाळच्या आरतीपर्यंत पांढरी पडली. नदीच्या बाटलीला त्यापेक्षा बराच वेळ लागला. बोअरची निळीच राहिली. आरतीला आलेला माणूस आधी बाटल्या बघायला जायचा. गौरीला माहेरवाशिणी आल्या, त्यांनी आपापल्या गावाचं पाणी आणून द्यायचं बोलणं केलं. बीओडी म्हणजे काय, हे आम्ही कुणाला समजावलं नाही. ज्यांना विचारायचं होतं त्यांनीच विचारलं.

"वरनं अख्ख्या शहराचं पाणी येतंय, आमच्या नाल्यानं काय फरक पडणार?" हा प्रश्न मंडपातही आलाच. तो खोटा नाही. नदी गावाला पोचते तेव्हा मळलेलीच असते, आणि आमच्या खालीही गावं आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर त्या दिवशी पुरं पडलं नाही.

२४ सप्टेंबर

ते उत्तर कागदात होतं. माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि नकाशा मुदत उलटून गेल्यावर, पहिलं अपील केल्यावर हातात आला. प्रतीला पानामागे २ रुपये. देवळाच्या कट्ट्यावर वाचन ठेवलं. वाचायला शिकवावं लागलं ते थोडंच: र.मी. म्हणजे रनिंग मीटर, घ.मी. म्हणजे घनमीटर, दर जिल्हा दरसूचीतून येतो, आणि शेवटच्या पानावरच्या रकमेपेक्षा मधल्या ओळी महत्त्वाच्या. बचत गटात हिशेबाची वही सांभाळणाऱ्या बायकांनी हे सगळ्यांच्या आधी पकडलं. "यात खोदाई हाय, पाइप हाय, चेंबर हाय. पाणी साफ करायची ओळ कुठं हाय?" ती ओळ नव्हतीच. देखभालीचीही नव्हती.

मग नकाशा. आज नाला नदीला मिळण्याआधी एका खोलगट भागात पसरतो, तिथं लव्हाळा आणि पाणकणीस माजलंय. पाणी तिथं रेंगाळतं, गाळ बसतो, थोडंफार निवळतं. पाइप ही जागा टाळून सरळ नदीपर्यंत जाणार होता, आणि त्याचं तोंड गावाच्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, वरच्या बाजूला उघडत होतं.

एक म्हातारे आबा बराच वेळ नकाशा बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे आपली न्हाणी आपल्याच घागरीत?" कट्ट्यावर कुणी बोललं नाही. शहराच्या पाण्याचा प्रश्न त्यानंतर क्वचितच कुणी काढला.

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी मानत नाही. जॅकवेल एका योजनेत झाली, गटार दुसऱ्या योजनेत, आणि दोन्ही नकाशे एका टेबलावर कधी आलेच नाहीत. ते टेबल म्हणजे ग्रामसभा.

१ आणि २ ऑक्टोबर

महिला सभा खरोखर भरली. पाइपच्या आधी पाणी शुद्ध करायची सोय असावी, अशी शिफारस त्यांनी लेखी दिली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला गणपूर्ती झाली, पण आमचा विषय पत्रिकेत नव्हता, "आयत्या वेळचे विषय" यात होता. तिथपर्यंत पोचेतो दुपार झाली, माणसं उठून गेली. विषय पत्रिका निघायच्या आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, आणि पत्रिकेत तो वेगळ्या क्रमांकानं आलाय का ते नोटीस लागली त्याच दिवशी बघावं.

एक मात्र पदरात पडलं. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम ऑक्टोबर ते जानेवारी चालतं. ते संपायच्या आत नाल्यासाठी विशेष ग्रामसभा घ्यायचं सरपंचांनी सभेतच कबूल केलं आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

१५ ऑक्टोबर

शोषखड्ड्यांची चाचणी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली, हे गावात बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. "आपण तेच करू, तळं कशाला?" असा मोठा गट होता. वाद घालण्यापेक्षा खड्डे खणले. एक वरच्या गल्लीत, एक खालच्या. दोन्ही सारखे, पाण्यानं भरले, आणि काठीवर खुणा करून पातळी किती उतरते ते बघितलं.

वर मुरूम आहे, दुपारपर्यंत खड्डा रिकामा. खाली काळी माती आणि नदी जवळ, दुसऱ्या दिवशीही खड्डा भरलेलाच. ज्यांचा खड्ड्यांचा आग्रह होता तेच काठी घेऊन बसले होते, त्यामुळे निकाल त्यांनीच सगळ्यांना सांगितला. हा दिवस आणि दोन मजुरांची हजेरी, एवढ्या खर्चात महिनाभराचा वाद मिटला.

२९ ऑक्टोबर

पैशांची बैठक. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांवरच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी ६६० रुपयांपर्यंत मिळू शकतात, त्याखालच्या गावाला २८०. यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. आमचा हिशेब: ६,२०० गुणिले ६६०, म्हणजे ४० लाख ९२ हजार. त्यातले १२ लाख २७ हजार ६०० पंचायतीचे. वैयक्तिक शोषखड्डे मनरेगातूनही होतात. हा हिशेब फळ्यावर लोकांकडूनच करून घेतला.

मग जागा. स्थिरीकरण तळ्यात पाणी साधारण दहा दिवस थांबवायचं धरलं तर २,७०० घनमीटर. खोली सव्वा मीटरच्या आसपास धरली तर पाण्याचीच जागा २१ गुंठ्यांवर जाते, बांध आणि वाट धरून ३० गुंठे. नागपूरच्या नीरीनं विकसित केलेलं फायटोरिड किंवा तशी वनस्पतींची गाळण केली तर जागा कमी लागते, पण आधी गाळ बसवायची टाकी हवी आणि खडी चोंदली की उपसून धुवावी लागते. ते कोण करणार, हा प्रश्न बायकांनी लगेच विचारला. वीज लागणारं यंत्र नको, यावर मात्र एकमत दिसलं. बिल थकलं की ते बंद पडतं, हे सगळ्यांना पाणीयोजनेवरून माहीत आहे.

याच बैठकीत ते शेतकरी पहिल्यांदा बोलले ज्यांच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो. नाल्यावर मोटर बसवून चार-पाच जण वैरणीला आणि उसाला पाणी घेतात. पाइप झाला तरी त्यांचं पाणी जाणार, तळं झालं तरी जाणार. त्यांचा राग रास्त होता. कामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बांधावर जायला हवं होतं. पुढं विरोध झाला तो याच गोष्टीवरून.

नोव्हेंबर

दिवाळी, आणि ऊसदराच्या आंदोलनानं लांबलेला हंगाम. बैठका रात्री साडेआठनंतर, गल्लीगल्लीत, कुणाच्या तरी अंगणात. एका गल्लीला एकच रात्र, जास्त ताणायचं नाही.

"तळं झालं की घरपट्टी दुप्पट" अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली. तिला व्हॉट्सॲपवरच उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि ती आणखी पसरली. तो थांबवला. एका कागदावर तीन पर्याय आणि प्रत्येकाखाली तीनच ओळी छापल्या: बांधायला किती, दरवर्षी किती, घरामागे काय करावं लागणार. सांगता येत नव्हतं तिथं "अजून ठरायचंय" असं मोठ्या अक्षरात छापलं. त्या कोऱ्या जागांमुळेच लोकांचा कागदावर विश्वास बसला, असं मला वाटतं. आधीच्या पत्रकात "सांडपाणी व्यवस्थापनाचे शाश्वत पर्याय" वगैरे होतं, ते कुणी घरी नेलं नव्हतं.

व्हॉट्सॲपवर मतदान घेऊ नका. फोन घरातल्या पुरुषाकडे असतो, आणि मोरी बायकांकडे.

१७ डिसेंबर

विशेष ग्रामसभा. नोटीस वेळेत, दवंडी, आणि पत्रिकेवर एकच विषय. गणपूर्तीच्या दुपटीहून जास्त माणसं, निम्म्याला पोचतील इतक्या बायका.

चर्चा सकाळी दहाला सुरू झाली ती दुपारपर्यंत. नकाशा भिंतीवर, पुराच्या रेषा त्यावर. साहेबांनी फक्त विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. हे आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण जाणकार बोलत सुटला की बाकीचे गप्प बसतात.

ठराव असा झाला. वरच्या गल्ल्यांत घरोघरी शोषखड्डे. खालच्या गल्ल्यांत बंद पाइप हवाच, पण तो नदीपर्यंत न जाता गाळटाकीत संपेल. टाकीपुढं तळं, २०१९ च्या पूररेषेच्या वर, गायरानाच्या कडेला. तळ्यातून निघणाऱ्या पाण्यावर मोटरवाल्या शेतकऱ्यांचा पहिला हक्क. दर तीन महिन्यांनी तपासणी करून निकाल ग्रामसभेत वाचायचा.

गायरानाला मेंढपाळ घरांनी विरोध केला. चराईची वाट तुटते म्हणाले, आणि ती तुटतच होती. हात मोजून ठराव मंजूर झाला असता, तरी सरपंचांनी तळ्याच्या जागेचा भाग मोजणीपर्यंत पुढं ढकलला. आमच्यातले काही जण नाराज झाले. मला ते बरोबर वाटलं. ज्यांच्या पायाखालची वाट जाते त्यांना हात मोजून गप्प करायचं, तर हे सगळं कशासाठी केलं?

२६ जानेवारी २०२४

कामं आराखड्यात आली आहेत. वरच्या गल्लीतले पहिले शोषखड्डे झाले, आणि त्यांतले काही लगेच चोंदले. भांडी घासायच्या पाण्यातलं तेल आणि खरकटं थेट खड्ड्यात. मोरीच्या तोंडाला जाळी आणि खड्ड्याआधी गाळ बसायला छोटं चेंबर, हे अंदाजपत्रकात होतं पण घाईत गाळलं गेलं. आता चेंबर झाल्याशिवाय खड्डा पूर्ण धरायचा नाही, हे बचत गटानं आपल्याकडे घेतलंय. त्या स्वतः झाकण उघडून बघतात आणि मगच वहीत टिक करतात.

तिमाही तपासणीचा पहिला निकाल आज ग्रामसभेत वाचला. बीओडीत फारसा फरक नाही, तो अजून दिसायचाही नाही. प्रवाह मात्र कमी झालाय. वाचायला तालमीतली एक मुलगी उभी राहिली होती, आणि एका आजोबांनी मागून विचारलं, "नमुना कुठल्या वारी काढला?" तिनं सांगितलं, "मंगळवारी सकाळी, आबा, बर्फात ठेवून."

११ फेब्रुवारी

मोजणीचा अर्ज झाला, फी भरली, तारखेची वाट आहे. मेंढपाळांसोबत गायरानावर चालून दोन पर्यायी वाटा काठ्या रोवून दाखवल्या. एक त्यांना चालते, पण तिथं ओढ्यावर साकव लागेल आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. साकवाचा अंदाज काढायला साहेबांनी घेतलाय. १ मेच्या ग्रामसभेसाठी विषय लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. पत्रिका लागली की विषयाला वेगळा क्रमांक आहे का ते बघायचं काम खालच्या गल्लीकडे.